डोक्याकडे जाणारा हात

१९ मार्च २०२४

शिखाने आज पोळ्या लाटता लाटता सांगून टाकलं — नर्सिंगला जाणार! बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षं. मी म्हटलं, आधी तव्यावरची उलट, जळतेय. तिने उलटली. मग म्हणाली, "आईसाहेब, फॉर्म भरलाय. विचारायला नाही आले, सांगायला आलेय."

माझी सून. लग्नाला तीन वर्षंही झाली नाहीत. मला राग यायला हवा होता. आला नाही. माझ्यानंतर या घरात इतकं सरळ वाक्य कोणी बोललं नव्हतं.

सौरवला गुडगावला फोन केला. "मम्मी, उसने मुझे बताया था. मी म्हटलं, पहले मम्मीला मनव." माझा मुलगा! जबाबदारी अंगावर आली की हिंदीत पळतो.

२१ मार्च

दादासाहेबांना सांगायचं कोणी? मीच. माझे थोरले दीर, आणि हे गेल्यापासून घरातले कर्ते. पोलिसात होते, निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, आवाज अजून ठाण्यातलाच आहे.

"आपल्या घरची सून लोकांची घाण काढणार?"

मी म्हटलं, "आपल्या घराण्यातले इतके पुरुष लढाईतून जखमी होऊन परतले असं तुम्हीच सांगता. त्यांना धुतलं-पुसलं कोणी?"

"घरच्यांनी."

"मग हीही घरचीच आहे."

पेपर दोनदा उलटसुलट केला. मग म्हणाले, "जाऊ दे. पण मंदाताई, बाहेरचं बाहेर. उंबऱ्याच्या आत रीत मोडायची नाही."

रीत म्हणजे पदर. दादासाहेब खोलीत शिरण्याआधी खाकरतात आणि त्या आवाजासरशी आम्हा बायकांचे हात डोक्याकडे जातात. विचार करावा लागत नाही. मी मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं ते उघड्या डोक्याने, आणि संध्याकाळी आमच्या गल्लीच्या, दाना ओलीच्या, तोंडाशी रिक्षातून उतरताना पदर घेतला. सगळी नोकरी अशीच झाली. त्रास म्हणावा असा काही नव्हता. शिखाची ओढणी असते, एवढाच फरक.

६ एप्रिल

रोज दुपारी तिला शिकवते. भौतिकशास्त्र कच्चं. रसायन बरं. जीवशास्त्रात मी सोडणार नाही हे तिला कळलंय. जागा मोजक्या आणि मुली हजारोंनी! बहुतेक जणी नुकत्या बारावी झालेल्या, हिची पुस्तकं सुटून किती काळ झाला.

पण पाठ करत नाही, हे आवडलं. हृदयाच्या झडपा सांगत होते तर म्हणते, "म्हणजे कुकरच्या शिट्टीसारखं ना? वाफ बाहेर जाते, परत आत येत नाही." इतकी वर्षं शिकवलं, मला हे सुचलं नव्हतं. तोंडावर शाबासकी दिली नाही. पुढचा धडा काढला.

२३ मे

शेहेचाळीस डिग्री. वीज गेली. ती ओला टॉवेल खांद्यावर टाकून प्रश्न सोडवत बसली. मी झोपले.

७ जुलै

परीक्षा झाली. सेंटर इंदरगंजच्या पुढे. बरोबर गेले. फाटकाबाहेर आया, बाप, भाऊ यांची ही गर्दी. एक बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आपकी बेटी?" मी म्हटलं, बहू. त्यांनी मला नीट निरखून पाहिलं — सासू परीक्षेला आणून सोडते म्हणजे हिच्यात काही खोट असणार, अशा नजरेने.

शिखा बाहेर आली ती घामाने निथळत. "कसा गेला?" "फिजिक्स ने रुला दिया." फूलबागेपर्यंत चालत आलो. उसाचा रस घेतला. तिने दोन ग्लास प्यायले.

२० ऑगस्ट

लागली! शहरातच जागा मिळाली, म्हणजे घरून जाऊन-येऊन करता येईल. मी यादीत तिचं नाव दोनदा वाचलं आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा. दादासाहेबांना पेढा दिला. म्हणाले, "हं." पेढा मात्र खाल्ला.

२१ ऑक्टोबर

फिकट निळा सलवार-कुडता, वर पांढरा एप्रन, केस जाळीत कोंबलेले. ओढणी चालत नाही, कुठेतरी अडकते. घरातून निघताना वरून शाल घेतली आणि गल्लीच्या टोकाला घडी करून पिशवीत ठेवली. मी गॅलरीतून पाहिलं. मीही पदर तिथेच काढायचे-घ्यायचे, त्याच टोकाला.

१३ डिसेंबर

वॉर्डात पहिला दिवस. आली, थेट न्हाणीघरात गेली, जेवली नाही. मी विचारलं नाही. ताट झाकून ठेवलं. उद्या जायचं असेल तर जाईल, नसेल तर नाही.

१४ डिसेंबर

गेली. संध्याकाळी जेवलीसुद्धा. भाताला दोनदा हात पुढे केला.

९ जानेवारी २०२५

हाडं गोठवणारी थंडी. शिखा सकाळी निघण्याआधी दोन्ही तळवे पोळ्यांच्या गरम डब्यावर दाबून उभी असते. मी म्हटलं, उशीर होतोय, काय चाललंय? म्हणाली, काल एका आजींना अंघोळ घातली, बिछान्यातच, ओल्या फडक्याने. आजी म्हणाल्या, "बिटिया, तेरे हाथ बहुत ठंडे हैं." म्हणून!

डबा आणि वॉर्ड यांच्यात किती अंतर! पोचेपर्यंत हात पुन्हा गार होणारच. मी तसं सांगितलं. ती हसली. "तिथे पण गरम पाण्याची बाटली ठेवलीय, आईसाहेब. हे तर मेरे लिए."

मला तिचं कौतुक वाटतं. इथे लिहून ठेवते, कारण बोलायची नाही.

११ मार्च

पहिलं सेमिस्टर पार. तिच्याबरोबरच्या दोघी सोडून गेल्या. एकीला रक्त बघवत नव्हतं, दुसरीच्या सासरच्यांना ती बघवत नव्हती — हे शिखाचे शब्द. जीभ धारदार होत चाललीय. बसल्या बसल्या झोपते, भाजी निवडताना, सौरवशी फोनवर बोलताना. काल तो पलीकडून ओरडत होता, "हॅलो? हॅलो? शिखा?" आणि ही तोंड उघडं टाकून गाढ! मी फोन घेतला, म्हटलं, झोपलीय, तुझंच बोलणं कंटाळवाणं असेल.

३० जुलै

उद्या प्रॅक्टिकल. खऱ्या पेशंटच्या खऱ्या जखमेचं ड्रेसिंग. बाहेरच्या परीक्षक येणार. सगळं मला करून दाखवलं: हात धुणं, निर्जंतुक ग्लव्हज घालणं, मग ते हात छातीसमोर धरणं — कपड्याला, केसाला, खाटेला, कशालाही लागले की संपलं. परत पहिल्यापासून. मी चूक काढायला टपून बसले होते. सापडली नाही.

३१ जुलै

नापास.

लिहायचं नव्हतं, पण लिहिते. तिने जेवणघरात उभ्याउभ्याच सांगितलं.

पेशंटच्या पायाला साखरेच्या आजाराची जखम. ग्लव्हज चढवले. जुनी पट्टी निघालेली, जखम पुसायला बोळा चिमट्यात उचललेला. तेवढ्यात मागच्या खाटेवरचा म्हातारा खाकरला. भिंडकडचा कोणी, पांढऱ्या मिशांचा. अगदी दादासाहेबांसारखा खाकरला.

आणि हिचा डावा हात डोक्याकडे गेला! ओढणी नाही, पदर नाही, काही नाही. ग्लव्ह घातलेला हात सरळ केसांच्या जाळीवर.

परीक्षक खाली मान घालून काहीतरी लिहीत होत्या. कोणीच पाहिलं नव्हतं. पेशंटसुद्धा डोळे मिटून पडलेला. ही म्हणाली, "मॅडम, मेरा हाथ बालों को लग गया. फिर से शुरू करूँगी." सगळं टाकलं, हात धुतले, नवा ट्रे मागितला, नवे ग्लव्हज. वेळ संपली. पट्टी अर्ध्यावर असताना.

परीक्षकांनी विचारलं, "मैंने तो देखा नहीं था. बोलीं क्यों?"

"घाव तो उनका है, मॅडम."

हे सांगतानाही रडली नाही. मला म्हणाली, "आईसाहेब, इतनी प्रॅक्टिस की. हात माझा होता, पण ऐकला नाही माझं." आणि भांडी घासायला घेतली.

मी खूप रागावले. कोणावर, ते ठरेना. म्हणून तिलाच म्हटलं, कढई नीट घास.

१ ऑगस्ट

दादासाहेब: "झालं? हौस फिटली? आता पुरे करा." कारण त्यांना सांगितलेलं नाही. काय सांगणार — तुमच्या खाकरण्याने नापास झाली?

सप्टेंबरात पुन्हा परीक्षा देता येते. त्यातही नापास झाली तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर दादासाहेब दुसरं देणार नाहीत. सौरवही आता म्हणतो, गुडगावला येऊन राहू दे, बस हो गया. म्हणजे सप्टेंबरात पट्टी पुरी बांधली तर नर्स, नाहीतर गुडगावच्या फ्लॅटमध्ये फुलझाडांना पाणी.

३ ऑगस्ट

सवय लावता येते तर मोडताही येते. हे मी मुलींना शिकवलंय — घंटा, कुत्रा, लाळ. मग घरात का नाही?

वरच्या खोलीत टेबल मांडलं. पेशंट म्हणून एक लांबलचक लौकी, दुधी भोपळा. तिला चाकूने चीर दिली. शिखा ओढणी न घेता, ग्लव्हज घालून उभी. मी तिच्या पाठीमागे. मध्येच खाकरायचं. हात हलला की पुन्हा पहिल्यापासून.

मी खाकरले. ती फस्सकन हसली. "आईसाहेब, हे तर बकरी जैसा आहे!"

पुन्हा खाकरले. पुन्हा हसली. हात जागचा हलला नाही, पण उपयोग काय? माझ्या खाकरण्याला या घरात कोण भितं!

संध्याकाळी पेशंटची भाजी केली.

६ ऑगस्ट

मोबाइलवर दादासाहेबांचं खाकरणं भरून घेतलं. जिन्याखाली उभी राहिले, हातात फोन, आणि त्यांच्या येण्याची वाट पाहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पदर घ्यायला विसरले. जवळ आल्यावर घाईने घेतला. "मंदाताई, जिन्याखाली काय करताय?" "नेटवर्क." मीही थापा मारायला लागले!

वर लावून पाहिलं. शिखाचा हात टुणकन वर.

हेच पाहिजे होतं.

८ ऑगस्ट

दहादा लावलं, सातदा हात गेला. तिचे डोळे लाल. मी म्हटलं, पुन्हा. म्हणाली, "जरा थांबा ना." मी म्हटलं, मिशीवाला थांबला होता का? पुन्हा.

कठोर झाले, माहीत आहे. ती मात्र कुरकुरली नाही. ग्लव्हज बदलले, लौकी सरळ केली, उभी राहिली. ही मुलगी मोडत नाही. वाकते, श्वास घेते, परत उभी राहते. मी तिच्या वयाची असताना असं कोणी माझ्या मागे लागलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी माहेरी गेले असते.

११ ऑगस्ट

पकडले गेलो!

दुपारची वेळ, दादासाहेब खाली झोपलेले, असं आम्ही धरून चाललो होतो. मी फोन लावला. एकदा, दोनदा, चारदा. जिन्यावर पावलं वाजली. दारात दादासाहेब, बनियनवर, केस विस्कटलेले.

"वर कोण खाकरतंय? मी तर खाली आहे!"

माझा हात पदराकडे गेला. शिखाचा नाही. ती लौकीवर वाकलेली, डोकं उघडं, दोन्ही हात समोर. आणि तेव्हा दादासाहेब स्वतः, खरंखुरं, नेहमीसारखं खाकरले.

तिचा हात हलला नाही.

वर न बघताच म्हणाली, "दादासाहेब, दोन मिनिटं. पट्टी व्हायचीय."

ते उभे राहिले. मी सगळं सांगून टाकलं — वॉर्ड, म्हातारा, जाळीला लागलेला हात, कोणी पाहिलेलं नसताना स्वतः बोललेली ती, अर्धी राहिलेली पट्टी. ते ऐकत होते की पट्टीकडे बघत होते, कळलं नाही. शिखाने शेवटची चिकटपट्टी लावली, ग्लव्हज उलटे सोलून काढले, हात धुतले, मग खुंटीवरची ओढणी डोक्यावर घेतली आणि पाया पडली.

दादासाहेब म्हणाले, "कोणी पाहिलं नव्हतं?"

"नाही."

"मग बोललीस कशाला?"

तिने पट्टीचं टोक दाबून बसवलं. ते खाली गेले.

१२ ऑगस्ट

जेवणात लौकी होती. दादासाहेबांनी ताटातली सगळी खाल्ली.

१४ ऑगस्ट

दुपारी दादासाहेब वर आले. दाराशी खुर्ची ओढून बसले, पेपर उघडला. शिखाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने ग्लव्हज घातले. थोड्या वेळाने ते पेपरामागून खाकरले. मग पुन्हा. पुन्हा.

फोन बंद करून मी खाली आले. माझी गरज नव्हती.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. घरात पाहुणे, मोदक, पसारा. तरी दुपारी वर खाकरण्याचा आवाज. इंदूरच्या नातलग शांताताई म्हणाल्या, "दादासाहेबांची तब्येत बरी नाही वाटतं? डॉक्टरला दाखवा." मी म्हटलं, नर्सला दाखवतोय.

१२ सप्टेंबर

पुन्हा परीक्षा. आल्या आल्या मी विचारलं, "कोणी खाकरलं?"

"पूरा वॉर्ड खाँस रहा था, आईसाहेब! सितंबर आहे."

"आणि?"

तिने दोन्ही हात छातीसमोर धरून दाखवले. तसेच. मला काहीतरी बोलायचं होतं. डोळ्यात कचरा गेला, म्हणून आत गेले.

२२ सप्टेंबर

पास. चांगल्या गुणांनी. परीक्षक त्याच होत्या. शेवटी म्हणाल्या म्हणे, "मेरे वॉर्ड में ऐसी लड़की चाहिए." दादासाहेबांना सांगायला ती धावतच आत गेली, ते खुर्चीतून उठले.

सौरवला फोन केला. म्हटलं, गुडगावला येत नाही ती. तुझ्या फुलझाडांना तूच पाणी घाल.

२६ सप्टेंबर

एक भानगड झाली आहे. तिचा हात आता उठतच नाही. कुठेच! काल दादासाहेब खाकरून आत आले, ही समोर उघड्या डोक्याने लसूण सोलत बसलेली. मी खुणावलं. दचकली. "अरे! लक्षातच नाही आलं." आज पुन्हा तेच. म्हणते, "आईसाहेब, मी जानबूझकर नाही करत. हात विसरला."

आपणच विसरायला लावला. परत शिकवायचा म्हटलं तर वॉर्डात पुन्हा जाळीवर जायचा. दोन्हीकडची सवय एका हातात राहत नाही. माझ्या हातात खडू होता, त्याला कसला आला नियम? तिच्या हातात जखम असते.

दादासाहेब माझ्याकडे बघतात. मी चष्मा शोधते.

२ ऑक्टोबर

दसरा. सोनं द्यायला संभाजीराव आले, दादासाहेबांचे आतेभाऊ, रीतीभातीचे पक्के. बैठकीत बसले, चहा घेतला, आणि आतल्या दाराकडे बघून मोठ्याने म्हणाले, "रघुनाथराव, सूनबाईंच्या डोक्यावर पदर नाही? सणाच्या दिवशी?"

दादासाहेबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "ती ड्यूटीवर आहे."

शिखा तेव्हा घरच्या कपड्यांत, केसांना तेल चोपडून, पाटावर मांडी घालून पोहे खात होती.